मांडी

मराठीत मांडी या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. गदेचा घाव जिच्यावर बसतो तीही मांडी आणि लहान मूल जिच्यावर हक्काने येऊन बसते तीही मांडीच. संस्कृतात त्यासाठी ऊरु आणि अंक असे दोन वेगळे शब्द आहेत. प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंग’ या एकांकी नाटकाचे नाव पहिल्या शब्दावरून ठेवलेले असले, तरी त्याचे सारे दुःख दुसऱ्या शब्दात साठलेले आहे, असे मला गेली कित्येक वर्षे वाटत आले आहे. हे नाटक मी पहिल्यांदा वाचले ते महाविद्यालयात, परीक्षेपुरते. पुढे आमच्या हौशी नाट्यमंडळाने त्याचा मराठी प्रयोग बसवला, तेव्हा दुर्योधनाच्या मुलाची भूमिका करणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला वेळेवर रंगमंचावर सोडण्याचे काम माझ्याकडे आले. विंगेतल्या अंधारात त्याचा हात धरून उभी असताना या नाटकातली हिंसा नेमकी कुठे आहे, ते मला हळूहळू दिसू लागले.

रंगमंचावरच्या युद्धाची माझी पहिली ओळख याच्या अगदी उलट होती. माझे लहानपण सिंधुदुर्गातल्या एका गावात गेले. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक उभे राहायचे, ते पहाटेपर्यंत चालायचे. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या साथीवर देव-दानव समोरासमोर यायचे, लिहिलेल्या संहितेवाचून तासन्‌तास वाद घालायचे, आणि शब्द संपले की युद्ध सुरू व्हायचे. मृदंगाची लय चढत जायची, दोघे नट गिरक्या घेत एकमेकांवर चालून यायचे, आणि आजीच्या मांडीवर पेंगत पडलेली मी खडबडून उठून बसायचे. युद्ध हा त्या रात्रीचा सगळ्यांत आनंदाचा भाग होता. मेलेला राक्षस उठून आत जायचा आणि पहाटे देवळाच्या पायरीवर चहा पिताना दिसायचा. त्या आनंदाला मी आजही कमी लेखत नाही. तिथे युद्ध हे नृत्य असते, त्यात देव जिंकणार हे ठरलेले असते, आणि ते ठरलेले आहे म्हणूनच मूल निर्धास्तपणे टाळ्या वाजवू शकते. पण तो आनंद मनात मुरलेला असल्यामुळेच भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धावरचे नाटक हाती आले, तेव्हा मी नकळत त्या मृदंगाची वाट पाहू लागले होते.

भासाने ते युद्ध दाखवलेलेच नाही. त. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरात सापडलेली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झालेली जी तेरा नाटके भासाची मानली जातात, त्यांत हे सगळ्यांत छोट्या नाटकांपैकी एक आहे, आणि त्याची सुरुवात होते ती तीन सैनिकांपासून. हे तिघे कुरुक्षेत्रावर हिंडत जे दिसते ते सांगतात. नाट्यशास्त्राचा दंडक असा की युद्ध, राज्याचा नाश, मृत्यू आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी नाटकाच्या अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे घडलेले सांगणाऱ्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात. तो दंडक इथे पाळला गेला आहे असे आपल्याला वाटते. पण ते सैनिक जे सांगतात ते ऐकताना, दाखवले असते तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ येते. रणांगणावर यज्ञ मांडला आहे, असे ते म्हणतात. हत्तींच्या सोंडा हे यज्ञाचे यूप, म्हणजे पशू बांधायचे खांब, बाण हे अंथरलेले दर्भ, मेलेल्या हत्तींच्या राशी ही उंच रचलेली वेदी, वैर हा पेटलेला अग्नी, ध्वज हा वर पसरलेला मांडव, सिंहनाद हे मोठ्याने म्हटलेले मंत्र, आणि पडलेली माणसे हे बळी दिलेले पशू. एका श्लोकात अख्खा यज्ञ उभा राहतो. यज्ञात प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आणि विधिपूर्वक होत असते, आणि त्या शिस्तीमुळेच अंगावर काटा येतो. ज्याने कधी रणांगण पाहिले नाही पण सत्यनारायणाची पूजा मांडताना पाहिली आहे, अशा कोणालाही ती शिस्त ओळखीची वाटेल, आणि मग तिच्या जागी काय काय ठेवले आहे हे लक्षात आल्यावर मन दचकेल.

गदायुद्धही हे तिघेच सांगतात. भीम डोक्यावर घाव बसून खाली पडतो. दुर्योधन हसून त्याला म्हणतो, भिऊ नकोस, वीर युद्धात भ्यालेल्याला मारत नाही. तेवढ्यात कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करतो. महाभारतात ही खूण कृष्णाशी बोलणे झाल्यावर अर्जुन करतो. भासाने मधला माणूस काढून टाकला आणि थाप थेट कृष्णाच्या हाताने मारवली. मला हा बदल फार धाडसाचा वाटतो. मूळ कथेत मांडीला फार आधीपासून खुणा होत आलेल्या आहेत. द्यूतसभेत दुर्योधनाने द्रौपदीला आपली डावी मांडी उघडी करून दाखवली, तेव्हा भीमाने ती फोडण्याची प्रतिज्ञा केली. पुढे मैत्रेय ऋषी समजावायला आले तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करत दुर्योधनाने पुन्हा मांडीवरच थाप मारली आणि शाप ओढवून घेतला. माज दाखवायची जागा ती, अपमान करायची जागा ती, आणि नियमाप्रमाणे नाभीच्या खाली घाव घालायचा नसतानाही शेवटी घाव बसला तो तिच्यावरच. भासाला हे सगळे ठाऊक होते आणि त्याच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होते. त्याने त्यात फक्त एका थापेची भर घातली, आणि पुढे एक मूल आणले.

घाव बसल्यानंतर मात्र भास नाट्यशास्त्राचे बोट सोडतो. दोन्ही मांड्या मोडलेला दुर्योधन हातांवर शरीर ओढत रंगमंचावर येतो आणि नाटक संपेपर्यंत तिथून जात नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मरतो. घाव दिसू द्यायचा नाही, पण घाव बसलेला माणूस क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचा नाही, अशी ही रचना आहे. आमच्या तालमीत सुरुवातीला या ओढत येण्यावर खूप वेळ गेला. भूमिका करणारे गृहस्थ शाळेत शिक्षक होते, उंचेपुरे आणि भारदस्त. पहिल्या काही दिवसांत ते कण्हत, थांबत, चेहरा वेडावाकडा करत येत आणि ते पाहवत नसे. मग दिग्दर्शकांनी त्यांना एवढेच सांगितले की, कमरेखाली तुमचे काही नाहीच असे समजा, आणि डोळ्यांसमोर बलराम आहे, तो चिडून भीमाला मारायला निघाला आहे, त्याला थांबवायचे आहे. त्यानंतर कण्हणे गेले. एक माणूस घाईने कुठेतरी पोहोचू पाहतो आहे आणि त्याचे शरीर मागे राहते आहे, एवढेच उरले. तांबड्या रंगाची वाटी आम्ही त्याच दिवशी बाजूला ठेवली.

बलरामाला दुर्योधन जे म्हणतो ते मी कधीही विसरणार नाही. ‘वैरं च विग्रहकथाश्च वयं च नष्टाः।’ वैर संपले, युद्धाच्या गोष्टी संपल्या, आम्हीही संपलो. आता कुरुकुळातल्या मेलेल्यांना पाणी द्यायला तरी कोणी मागे राहू दे. संहारानंतरच्या शांततेचे इतके खरे वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. त्यात समेट नाही की उदात्तपणाही नाही. भांडायला माणसेच उरली नाहीत, म्हणून भांडण उरले नाही.

आणि मग ते आंधळे आईवडील येतात. धृतराष्ट्र जन्माने आंधळा, गांधारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मागे दोन सुना, आणि धृतराष्ट्राच्या वस्त्राचे टोक धरून वाट दाखवणारा नातू दुर्जय. महाभारतात हा प्रसंग नाही. तिथे दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण, आणि तो तेराव्या दिवशीच अभिमन्यूच्या हातून मेलेला आहे. रणांगणावर बापाला शोधायला येणारे हे मूल भासाने स्वतः घडवले. चालून चालून मूल दमते आणि आजोबांना तसे सांगते. आजोबा म्हणतात, जा, बापाच्या मांडीवर जाऊन विसावा घे.

इथे मी हात सोडत असे.

त्या मुलाचा तळवा दर वेळी घामाने ओला असायचा. तो धावत जायचा, आणि नऊ वर्षांच्या मुलाने धावत जायचे म्हणजे ते खरेच धावणे असते. त्याला थांबवणे सोपे नसते. दुर्योधन त्याला पाहतो, मुलावरची माया कोणत्याही अवस्थेत जीव जाळतेच असे म्हणतो, आणि मूल मांडीवर बसायला वाकते तेव्हा त्याला अडवतो. मला तुझ्या मांडीवर बसायला का नको म्हणतोस, असे मूल विचारते. दुर्योधनाचे उत्तर असे आहे: ‘त्यक्त्वा परिचितं पुत्र यत्र तत्र त्वयास्यताम्। अद्यप्रभृति नास्तीदं पूर्वभुक्तं तवासनम्॥’ बाळा, ही ओळखीची जागा सोड आणि आता कुठेही बस; तू इतके दिवस भोगलेले हे आसन आजपासून राहिले नाही. आसन हा राजाच्या घरातला शब्द आहे. ज्या सिंहासनापायी अठरा अक्षौहिणी सैन्य कापले गेले, त्या सिंहासनाबद्दल दुर्योधन या क्षणी बोलत नाही. त्याच्या घरात आणखी एक आसन होते आणि ते मोडले, हे तो मुलाला त्याच्याच भाषेत समजावून सांगतो आहे.

तालमीच्या पहिल्या आठवड्यात हा प्रवेश उभा करताना शिक्षकांनी हात आडवा धरला, मूल थांबले, आणि पुढे काय करायचे ते न कळल्यामुळे विंगेकडे वळून मला म्हणाले, “काकू, मग मी बसू कुठे?” तो खेळकरपणे विचारत नव्हता. त्याला खरोखरच जागा हवी होती. दिग्दर्शकांनी त्याला उत्तर दिले नाही. तू पाहा कुठे बसावेसे वाटते ते, असे सांगितले. मूल थोडा वेळ उभे राहिले आणि मग दुर्योधनाच्या पायांपासून हातभर अंतरावर, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. तीच जागा आम्ही प्रयोगात कायम ठेवली. भासाचे ‘यत्र तत्र’ कुठे असते ते मला त्या दिवशी कळले.

त्याच्या दोन वर्षे आधी माझे बाबा अंगणात पाय घसरून पडले होते आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई घातली, आणि ते घरी खाटेवर आले. माझी तीन वर्षांची भाची दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्या मांडीवर चढून बसायची. ते इस्पितळात होते तेवढे दिवस तिला ते मिळाले नव्हते. ती खाटेच्या कडेला धरून वर चढू लागली तेव्हा बाबांनी तळहात पुढे केला. “इथे नको गं, बाय,” एवढेच म्हणाले. ती पायथ्याशी जाऊन बसली. बाबांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केले. दुखण्याबद्दल त्यांनी आमच्याकडे कधी तक्रार केली नव्हती. तो तळहात मी पुढे रंगमंचावर आठ प्रयोगांत पाहिला, आणि दर वेळी मला त्या श्लोकाआधीच श्लोक कळलेला असायचा.

मूल पुढे विचारते, तुम्ही कुठे निघालात? माझ्या शंभर भावांच्या मागे, असे बाप सांगतो. मलाही न्या, असे मूल म्हणते. ‘गच्छ पुत्र, एवं वृकोदरं ब्रूहि।’ जा बाळा, हे भीमाला जाऊन सांग. संपूर्ण नाटकात मला सगळ्यांत क्रूर वाटणारे वाक्य हेच आहे. दुर्योधन ते तिखटपणे म्हणतो की थकून म्हणतो, हे संहिता सांगत नाही. पण मुलाला त्यातला अर्थ कळत नाही आणि प्रेक्षकाला तो पूर्ण कळतो. तुला तिथे न्यायचे सामर्थ्य आता एकाच माणसाकडे आहे, आणि तू ते त्याच्याकडे मागू शकतोस, असे ते वाक्य आहे. आमच्या प्रयोगात इथे सभागृहात कोणी खोकतही नसे.

या सगळ्यातून दुर्योधनाबद्दल कणव येते, आणि ती कणव माझ्या मनात अवघडलेपण घेऊनच येते, हे मला सांगितले पाहिजे. जिला उघडी मांडी दाखवली गेली ती द्रौपदी या नाटकात नाही. तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही. एक स्त्री म्हणून मी ही संहिता वाचताना त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहते. भासाने ती जागा बुजवली नाही, पण ती लपवलीही नाही. अश्वत्थामा सूडाची भाषा बोलू लागतो तेव्हा दुर्योधन स्वतःच हिशोब मांडतो: द्यूतात द्रौपदीचे केस धरून तिला ओढले, रणात अभिमन्यू लहान मूल असताना मारला, फाशांच्या कपटाने पांडवांना जिंकून रानात श्वापदांमध्ये धाडले, या सगळ्याचा विचार कर, त्या मानाने त्यांनी माझे जे केले ते थोडेच आहे. कबुली म्हणून हे पुरेसे आहे का, याचे उत्तर मला देता येत नाही. पण ही कबुली तो मोडलेल्या मांड्यांवर, आपल्या मुलासमोर देतो, आणि तो मुलाला सांगतो की पांडवांची माझ्यासारखी सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, अभिमन्यूच्या आईला आणि द्रौपदीला आईप्रमाणे मान. द्रौपदीला आई म्हणायला लावणे यापलीकडे त्याच्या हातात काही उरलेले नाही. मरताना त्याला जे दिसते त्यातही अभिमन्यू आहे. इंद्राचा हात धरून, ऐरावतावर, लहान मुलासारखी झुलपे असलेला अभिमन्यू स्वर्गातूनसुद्धा रागाने त्याच्याशी बोलतो. मेलेल्या मुलाचा राग स्वर्गात गेल्यावरही शमलेला नाही, हे भास एका ओळीत सांगून जातो. म्हणूनच ‘संस्कृतातली एकमेव शोकांतिका’ असे या नाटकाचे जे कौतुक केले जाते, किंवा दुर्योधनाला स्वर्ग मिळतो म्हणून ही शोकांतिका नव्हेच असे जे म्हटले जाते, त्या वादात मला फारसा रस उरत नाही. ज्या स्वर्गात मारलेले मूल रागावून वाट पाहत असते, त्याला सुखान्त म्हणायला माझे मन तयार होत नाही.

अश्वत्थाम्याचा प्रवेश आम्हाला सगळ्यांत जड गेला. दुर्योधन त्याला परोपरीने थांबवतो. धनुष्य टाक, असे म्हणतो. अश्वत्थामा ऐकत नाही. तो रात्री पांडवांवर चालून जाण्याची शपथ घेतो, आणि अभिषेकाची सामग्री नसताना, केवळ ब्राह्मणाच्या शब्दाने, दुर्जयाला राजा करतो. आणि तेव्हा आतापर्यंत वैर संपले म्हणणारा दुर्योधन म्हणतो की माझ्या मनासारखे झाले, आता प्राण मला सोडून चालले आहेत. आमच्या शिक्षकांना हे वाक्य म्हणवेना. पंधरा मिनिटांपूर्वी पांडवांची सेवा कर म्हणणारा बाप या राज्याभिषेकाने सुखावतो कसा, असे ते वारंवार विचारत. काहींनी वाक्य गाळायचे सुचवले. मला वाटते, ते गाळले असते तर नाटक भले आणि खोटे झाले असते. वैर संपले असे मनापासून म्हणणाऱ्या माणसाच्या आतही मुलाच्या डोक्यावर मुकुट पाहण्याची जागा शिल्लक असते. त्या एका समाधानाच्या वाक्यात पुढच्या युद्धाचे बी आहे. शेवटी शिक्षकांनी ते वाक्य मुलाकडे न पाहता, वर पाहत, जवळजवळ ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हटले, आणि आम्ही ते तसेच ठेवले.

नाटकाचा शेवटचा श्लोक तिघांत वाटलेला आहे. धृतराष्ट्र म्हणतो, मी आता तपोवनात जातो, मुले गेल्यावर या राज्याचा धिक्कार असो. त्याच श्लोकाच्या पुढच्या चरणात अश्वत्थामा म्हणतो, झोपलेल्यांना मारण्यासाठी हातात बाण घेऊन मी निघालो. आणि उरलेला चरण भरतवाक्याचा, म्हणजे नाटकाअखेरच्या मंगलवचनाचा, आहे: शत्रुपक्ष शमवलेला आमचा राजा पृथ्वीचे रक्षण करो. श्वास घ्यायलाही जागा न सोडता वैराग्य, कत्तल आणि मंगलकामना एका छंदात बसवलेली आहेत. महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की त्या रात्री शिबिरात द्रौपदीचे पाचही मुलगे झोपेत मारले जाणार आहेत.

आमच्या प्रयोगात धृतराष्ट्र आणि गांधारी डावीकडून जात आणि अश्वत्थामा उजवीकडून, माझ्या विंगेतून. धनुष्य खांद्याला लावून तो इतक्या वेगाने आत येई की मला मागे सरकावे लागे. अंधारात आल्यावर तो थांबे, धनुष्य भिंतीला टेकवी आणि धाप लागलेली असताना माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेई. रंगमंचावर दुर्योधनाच्या अंगावर पांढरे वस्त्र पांघरलेले असे. दुर्जय राजा होऊन त्याच्या शेजारी उभा असे, कारण अभिषेकासाठी त्याला उठवलेले होते आणि पुन्हा बसायला कोणी सांगितलेले नव्हते. आमच्या संहितेत त्याला पुढे एकही वाक्य नव्हते. दिवा मंदावत जाताना तो माझ्या दिशेने पाहत असे, आत येऊ का असे विचारत असल्यासारखा, आणि पूर्ण अंधार होईपर्यंत मला त्याला हाताने तिथेच थांबायची खूण करत राहावे लागे.